पहिली मरळ

हिवाळ्यातली पहिली मरळ पाण्याला परत द्यायची, हा धरणाकाठचा जुना रिवाज. पण पुंडलिकनगरहून सुटीचा दिवस साधून आलेल्या मधुसूदनच्या गळाला हातभर लांब मरळ लागली आणि त्याला ती काही सोडवेना. त्यानं ती पिशवीत टाकली.

"लई वाईट केलंत, साहेब," शेजारी जाळं सांधत बसलेला रामकिसन म्हणाला.

मधुसूदननं हसत दुर्बीण डोळ्यांना लावली. पार पलीकडच्या काठाला पट्टकादंब हंसांचा मोठा थवा चरत होता. बघता बघता साऱ्या माना वर झाल्या आणि त्याच्याकडं वळल्या.

"हंस माझ्याकडंच बघतायत, रामकिसन!"

"कुठलं हंस? यंदा एक पाखरू आलं नाय."

मधुसूदननं दुर्बीण खाली घेतली. पाणी मोकळं होतं. पुन्हा लावली, तर थवा निम्म्या वाटेवर आलेला. पिशवीतली मरळ एकाएकी तडफडायची थांबली.

"साहेब, सोडा ती," रामकिसन उठून मागं सरकत म्हणाला.

एका हातानं पिशवी चाचपत मधुसूदननं परत दुर्बिणीत पाहिलं. फार जवळचं दुर्बिणीला दिसत नाही. आता तिच्यात काहीच नीट दिसेना. नुसतं करडं, मऊ, श्वासागत हलणारं काहीतरी.

दुर्बीण खाली घ्यायची त्याची हिंमत होईना.