एकेकटे की जोडीनं?

"एकेकटे बोलणार की जोडीनं?" समुपदेशक बाईंनी विचारलं.

"एकेकटेच!" रिटायर झालेला नवरा ताडकन म्हणाला. "ही समोर असली की मला तोंड उघडू देत नाही."

"बोला की मनसोक्त," म्हणत बायको बाहेरच्या बाकावर जाऊन बसली आणि येताना घेतलेले मटार सोलू लागली.

दार लागलं. तो खुर्चीत ऐसपैस बसला.

"सांगा, कशाचा त्रास होतो तुम्हाला?"

त्याने घसा खाकरला, छताकडे पाहिलं, कपाळ चोळलं. शेवटी उठून दार किलकिलं केलं. "अगं, मला नेमका कशाचा त्रास होतो?"

"माझा," शेंगेवरची नजर न हलवता ती म्हणाली. "आणि हरभऱ्याच्या डाळीचा."

"ऐकलंत ना? लिहून घ्या," म्हणत तो समाधानाने परतला.

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि दुसरी खुर्ची ओढली.