चार आत, सहा बाहेर

मशीननं आकडा दाखवला. एकशे ब्याण्णव.

"बाबा, परत तेच," अनिता सिस्टरनं ज्ञानदेवांच्या दंडावरचा पट्टा सोडला. "एकशे साठच्या खाली आल्याशिवाय डॉक्टर डोळ्याला हात लावायचे नाहीत."

"मी कुठं वाढिवतोय?" ज्ञानदेव म्हणाले. "तुमच्या मशीनलाच माझं भ्या वाटतंय."

दौंडच्या त्या दवाखान्यातून ज्ञानदेव मोतीबिंदू घेऊन दोनदा तसेच परत गेले होते. राहू गावात, घरी बीपी एकशे तीस. इथं अंगावर हिरवा गाऊन चढला, की तेही चढायचं. एक डोळा कधीच कामातून गेला होता. उरलेल्या डोळ्यातला मोतीबिंदू पार पिकला होता. एप्रिलमध्ये जयंतीला ते गायन पार्टीबरोबर स्टेजवर चढले आणि पायरी समजून हवेत पाय टाकला. चाळीस वर्षं ढोलकी वाजवणारा माणूस ढोलकीसकट खाली आला. तेव्हापासून ढोलकी खुंटीला होती. आज जमलं नाही, तर डॉक्टर पुण्याला पाठवणार होते. आणि ज्ञानदेव पुण्याला जाणार नव्हते. हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

मुलगा सम्राट रांजणगावला कंपनीत होता. ऑपरेशनसाठी काढलेली ही त्याची तिसरी सुट्टी.

"सुपरवायझर इचारतोय, तुझ्या वडलांना डोळं हायेत तरी किती," तो म्हणाला आणि त्यानं मोबाइल काढला. त्यात श्वासाचा एक व्हिडिओ होता. मागं बासरी वाजत होती. "आबा, डोळं मिटा. चार मोजून श्वास आत. सहा मोजून बाहेर."

ज्ञानदेवांनी दोनदा केलं. मग डोळे उघडले.

"चार आन् सहा? ह्यो कुठला ताल? समेवर येतच न्हाई."

"आबा, ताल न्हाई, श्वास हाय."

"मग बासरीवाला कशाला बसवलाय? त्यो पण पुढं पळतोय."

सिस्टरनं पुन्हा पट्टा बांधला. एकशे अठ्ठ्याण्णव. सम्राट पाणी प्यायला बाहेर निघून गेला.

पार्वतीबाई इतका वेळ भिंतीशी बसून गालात हसत होत्या. त्यांनी स्टूल खाटेजवळ ओढलं.

"सिस्टर, पंधरा मिन्टं द्या. लग्नात पण ह्ये असंच घामाघूम झालं हुतं. तवा पळून जाऊ दिलं न्हाई, आज काय जाऊ देती?"

त्यांनी नवऱ्याचा हात मांडीवर घेतला. आपला तळवा उताणा करून त्याच्या बोटांखाली सरकवला.

"वाजवा."

"काय?"

"ढोलकी. मी गाती."

आणि त्या गायला लागल्या. सम्राटच्या वेळी म्हणायच्या तो पाळणा. आवाज बारीक, चाल एकदम संथ. ज्ञानदेवांची बोटं तळव्यावर धावत सुटली. पार्वतीबाई थांबल्या.

"कुठं निघाला? मी अजून पयल्या वळीत हाय."

"तूच रेंगाळतीस."

"पाळणा हाय त्यो. असं वाजवलं तर पोरगं पाळण्यातनं उडी मारंल."

सिस्टर फस्सकन हसली. ज्ञानदेव चिडले. चाळीस वर्षांत त्यांना पुढं पळतोस असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी बोटं उचलली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी ते बायकोसाठी थांबले. पार्वतीबाई ओळीचं शेवटचं अक्षर लांबवायच्या, अगदी मुद्दाम लांबवायच्या. ज्ञानदेव तोवर श्वास धरून असायचे. ओळ संपली की तो हळूच सोडायचे. तिसऱ्या कडव्याला त्यांचे खांदे खाली आले. चौथ्याला बोटं अशी अलगद पडायला लागली, की आवाजही होईना.

"बाई, बेतानं गा," पलीकडच्या खाटेवरची म्हातारी जांभई देत म्हणाली. "मला झोप लागली तर माजा नंबर जायचा."

सिस्टरनं ज्ञानदेवांच्या दुसऱ्या दंडाला पट्टा बांधला. एकशे अठ्ठेचाळीस.

"चला, बाबा. आत्ताच चला."

ऑपरेशनच्या खोलीपाशी ज्ञानदेवांनी बायकोचा हात सोडला नाही. ते खाली वाकले. सगळ्यांसमोर मशीनला नावं ठेवणारा माणूस आता कुजबुजत होता.

"ह्यो पण डोळा गेला तर गं?"

"जातोय कुठं? मी हितं दारातच बसलीय. जाताना दिसंलच की मला." त्यांनी गाऊनची नाडी घट्ट बांधली. "तुमी आत मनात वाजवा. पर पळू नका."

दार लागलं.

अर्ध्या तासानं डॉक्टर बाहेर आले. "झालं. अगदी छान झालं. डोळा हलू दिला नाही बाबांनी. नुसती बोटं चालू होती."

सम्राट भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सिस्टर मात्र हसत पार्वतीबाईंकडे आली.

"मावशी, तुम्हाला इथं नोकरीलाच ठेवते. बीपीच्या गोळ्यांचं कामच नाही. भीती कशी ती माहीतच नाही बघा तुम्हाला." असं म्हणत तिनं कौतुकानं त्यांचा हात हातात घेतला. तो बर्फासारखा गार होता आणि घामानं भिजलेला.

सिस्टरनं स्टूल ओढलं आणि पट्टा काढला.

"मला कशाला? मला काय झालंय?" पार्वतीबाईंनी हात पदराखाली घेतला. सिस्टरनं तो बाहेर काढला.

मशीन घरघरलं. थांबलं. दोनशे चार.

सिस्टरनं आकडा पाहिला. मग त्यांचा तो अजून हसत असलेला चेहरा पाहिला.

"मावशी, आधी आडव्या व्हा."

पार्वतीबाई आडव्या झाल्या. मग त्यांनी सिस्टरचा हात धरून तिला जवळ ओढलं आणि दाराकडे बघत हळूच म्हणाल्या, "आत कळू दिऊ नका. त्यांचं परत चढंल."