ओली फडकी

सहा महिने तिच्या हातून एकही मूर्ती धड झाली नव्हती. म्हणून तिनं दुसऱ्या मूर्तिकारांच्या कार्यशाळा पालथ्या घालायला घेतल्या. कोण कसं काम करतं ते नुसतं बघून तरी काही सुचेल, एवढीच तिची भाबडी आशा.

आजचा म्हातारा मूर्तिकार मोकळ्या मनाचा निघाला. "बस त्या स्टुलावर, बघ हवं तेवढं," म्हणाला आणि पाठ फिरवून माती मळू लागला.

भिंतीलगत सात-आठ अर्धवट मूर्ती ओल्या फडक्यांखाली झाकलेल्या होत्या. माती सुकू नये म्हणून सगळेच झाकतात, त्यात नवल नव्हतं. पण म्हातारा घटकाभरानं उठायचा आणि आजाऱ्याची विचारपूस करावी तसा प्रत्येकीवर पाणी शिंपडायचा.

"काका, एवढ्या मूर्ती एकदम?"

"लोक बघायला येतात ना गं," तो म्हणाला.

तिच्या घशाला कोरड पडली होती. गालांची कातडी ताणल्यासारखी वाटत होती. मग तिच्या लक्षात आलं, की फडक्यांखालची प्रत्येक मूर्ती तिच्यासारखीच स्टुलावर बसलेली आहे. सगळ्यात जवळचं फडकं तोंडाच्या जागी किंचित आत गेलं, बाहेर आलं, पुन्हा आत गेलं.

"निघते मी, काका."

पाय उचलला जाईना.

म्हाताऱ्यानं नवं फडकं बादलीत बुडवलं आणि सावकाश पिळलं. "आता हलू नकोस बाळा. तडा जाईल."

गार फडकं चेहऱ्यावर आलं, आणि तिला हायसं वाटलं.