मुदत : सहा महिने

मलमाच्या डब्या बॅगेतून बाहेर आल्या. एक, मग आणखी एक. चारही. झाकणांवरची चिकटपट्टी जशीच्या तशी.

देवकीने एक उघडून नाकाशी नेली. खवट.

“थंय फेकूक जीव झालो नाय,” आनंदा म्हणाला. “तुझ्या हातचां म्हणून परत हाडलंय.”

दोन वर्षांनी नवरा चतुर्थीला घरी आला होता. गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं ओसरीवर तशीच पडून होती.

घटक : भिरंडेल, खोबरेल, हळद.

भिरंडेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. बिया कुटून उकळायच्या, वर तरंगेल ते काढून घ्यायचं, थिजलं की गोळे वळायचे. त्यांच्या गावी, गोव्यातल्या लाटंबार्शात, पायांच्या भेगांसाठी असा एखादा गोळा घरोघरी असतो. देवकी तो खोबरेलात वितळवून मऊ मलम करायची. पहिल्यांदा केलं ते आनंदासाठी. तो खाणीवर ट्रक चालवायचा तेव्हा त्याच्या टाचा इतक्या फाटलेल्या, की चादरीत अडकायच्या. रोज जेवणं आटोपली की ती त्याचे पाय मांडीवर घेऊन बसायची. दोघांचं काय ते बोलणं तेव्हाच व्हायचं.

खाण बंद पडली. ट्रक चालवायला तो ओमानला गेला. तिच्याकडे मलम तेवढं उरलं.

वापरण्याची मुदत :

डबीवरच्या चिठ्ठीत ही ओळ गौरवीने घालायला लावली. ती बचतगटाचा माल डिचोलीच्या बाजारात विकते.

“तारीख घाल गे देवकीवयनी. नायतर गिरायक डबी परत ठेवता.”

“भिरंडेल तां. पाव काय, सकाळचो सांजे शिळो जावक?”

“नुसतां भिरंडेल टिकता. तू खोबरेल घालतस. सहा म्हयने, बस. आनी ओलां बोट घालू नको म्हणून लिही.”

देवकीने कुरकुरत लिहिलं. मग ते तिला आवडूनच गेलं. मुदत संपत आली की नवी डबी पाठवायला निमित्त मिळायचं. मस्कतला जाणारं कोणी ना कोणी निघायचंच. फोनवर ती विचारायची, “संपलां?” तो म्हणायचा, “संपत इला.” एवढ्यावर तिचा आठवडा निघायचा. भांडी घासता घासता ती थांबायची. परकी खोली. लोखंडी खाट. खाटेवर बसून, कोरड्या बोटाने, तो टाचेला मलम लावतोय.

म्हणजे लावलंच नव्हतं. एकदाही नाही.

राग यायच्या आधी तिच्या डोळ्यांपुढे टाचा आल्या. त्या कोरड्या मुलखात काय दशा झाली असेल त्यांची! ती आत गेली, ताज्या मलमाची वाटी चुलीच्या उबेला धरली आणि येऊन त्याच्या खुर्चीपुढे बसली.

“पाय दिया.”

“र्‍हवांदे गे. दमलंय.”

“दमलास म्हणूनच. दी.” त्या भरात ती ‘तुमी’ विसरली होती.

वापर : पाय धुऊन, पुसून, हलक्या हाताने

तिने मोजा ओढून काढला. टाच तळव्यावर घेतली. अंगठा भेग शोधत फिरला आणि घसरला. पुन्हा फिरला. दुसरा मोजा काढला. तिथंही तेच. लहान मुलाच्या असाव्यात तशा टाचा.

“कंपनी बूट दिता आता,” आनंदा घाईने म्हणाला.

बुटांनी नव्या भेगा पडत नाहीत. पण वर्षानुवर्षांच्या बुजत नाहीत. त्या बुजायला कोणीतरी रोज पाय मांडीवर घेऊन बसावं लागतं. हे देवकीइतकं कोणाला ठाऊक असणार?

ती खाली वाकली. टाचांना तिळाच्या तेलाचा वास होता. खवट नव्हे. ताजा.

आनंदाने पाय मागे घेतला. तिने घेऊ दिला. बोटांवरचं मलम पदराला पुसलं. वाटी बाजूला सारली.

“तिका इचारा,” ती म्हणाली, “तिचां तेल किती दीस टिकता?”