मुकाट मैदान

रेफरीच्या खोलीला नवा पडदा लावला होता. गुलाबी. आरशापुढे फुलांचा गुच्छ, शेजारी बदामाच्या मिठाईचा डबा. रोसेल्ला लागाना दारातच थबकली. दक्षिण इटलीत, कालाब्रियातल्या गावोगावच्या मैदानांवर तिने कितीतरी रविवार शिट्टी वाजवली होती. कपडे बदलायला बहुतेक ठिकाणी झाडू-बादल्यांची खोली मिळायची, आणि तिची कडी लागायची नाही.

तिने पडदा सरकवून मागे पाहिलं. भिंतच होती. डब्याचं झाकण उचललं. मिठाईच होती.

"सगळं ठीक ना, मॅडम?" क्लबचे अध्यक्ष मीको बारिल्ला दाराबाहेर उभे होते. अंगात ठेवणीतला कोट, हातात टोपी.

"हा डबा घेऊन जा."

"अहो, माझ्या बायकोने स्वतः केलीय. विष नाही घातलं त्यात."

"सामन्याआधी मी कुणाचं काही खात नाही."

"मग नंतर खा." ते हसले. "आमचं रोक्कापियाना आता बदललंय, मॅडम. तुम्हीच बघाल."

का बदललंय ते रोसेल्लाला ठाऊक होतं. हिवाळ्यात याच मैदानावर एक कोवळी मुलगी रेफरी म्हणून आली होती. तिच्या अंगावरून, तिच्या आईवरून स्टँडमधून जे ओरडलं गेलं, ते ऐकून ती मध्यंतरातच गाडीत जाऊन बसली. त्यानंतर फुटबॉल संघटनेने रोक्कापियानाला रिकाम्या स्टँडपुढे खेळायला लावलं. आज लोक पहिल्यांदा परत येत होते, आणि संघटनेने मुद्दाम पुन्हा बाईच पाठवली होती.

ती मैदानात उतरली तेव्हा स्टँड गच्च भरला होता. कुंपणावर 'खेळ सगळ्यांचा' असं रंगवलेलं कापड टांगलेलं. दंडाला फीत बांधलेले दोघेजण पायऱ्यांवरून फिरत होते, कुणी तोंड उघडलं की ओठांवर बोट ठेवत होते. मैदानामागच्या समुद्राची लाट ऐकू यावी एवढी शांतता.

रोक्कापियानाचा गोल तिने ऑफसाइड म्हणून नाकारला. कुणी चकार शब्द काढला नाही. त्यांच्या कप्तानाला पिवळं कार्ड दाखवलं, तर तो म्हणाला, "बरोबर आहे, मॅडम. माझंच चुकलं."

असं तिला आजवर कुठल्याच खेळाडूने म्हटलं नव्हतं. थट्टा करतोय का, म्हणून तिने त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. नुसता घाम होता.

मध्यंतरात एक-एक अशी बरोबरी होती. रोसेल्ला दार लावून बाकावर बसली. मघाशी तिने रोक्कापियानाला दिलेली फ्री किक तिच्या डोक्यातून जाईना. तो खरंच फाउल होता? की लोक शहाण्यासारखे गप्प बसले म्हणून हात आपसूक वर गेला? शिव्या पडायच्या तेव्हा ती दातओठ खाऊन धावायची आणि काय दिसलं याची तिला खात्री असायची. शिव्यांकडे पाठ करता येते. या अदबीकडे कशी करायची, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

सामना संपत आला तेव्हा पाहुण्या संघाचा, तोर्रेनेग्राचा, एक चपळ खेळाडू चेंडू घेऊन थेट गोलपाशी घुसला. रोक्कापियानाच्या बचावपटूने पाय घातला आणि तो खेळाडू कोसळला. रोसेल्ला जवळच होती. तरी शिट्टी ओठांशी अडली. पाहिलंस का नक्की? की आपण मिठाईला भुललो नाही, हे दाखवायचंय तुला?

बुटाचं टोक घोट्याला लागलं होतं. चेंडूला नाही. एवढं तिने पाहिलं होतं.

तिने शिट्टी वाजवली. पेनल्टी.

स्टँड तसाच मुकाट. मीको कुंपणाची तार दोन्ही हातांनी धरून उभे. तोर्रेनेग्राच्या खेळाडूने चेंडू कोपऱ्यात मारला. दोन-एक.

आणि सगळ्यात वरच्या पायरीवर एक म्हातारा थरथरत उठला. डोक्यावरची टोपी काढून त्याने खाली आपटली.

"ए रेफरी! कोर्नुतो!"

कोर्नुतो म्हणजे ज्याची बायको दुसऱ्याकडे जाते असा नवरा. रोसेल्लाला बायको नव्हती. नवराही नव्हता.

फीतवाला पायऱ्या चढत धावला, पण तोवर म्हाताऱ्याच्या शेजारचे उठले, मग खालची रांग, मग सगळा स्टँड. "कोर्नुतो! डोळे फुटले का? तोर्रेनेग्राचा जावई!"

मीको कुंपणाचं फाटक ढकलून धापा टाकत आत आले. तोंड पांढरंफटक पडलं होतं. "माफ करा, मॅडम. नुन्त्सियो म्हातारा माणूस, जिभेला सवय लागलेली. आत्ताच्या आत्ता हाकलतो त्याला. वर कळवू नका, पाया पडतो."

"माझ्याआधी इथे पुरुष रेफरी यायचे. त्यांना काय म्हणायचे हे लोक?"

मीको गोंधळले. "हेच."

"हेच?"

"अगदी हेच. जावईसुद्धा."

"मग बसू द्या त्याला. आणि तुम्ही रेषेबाहेर व्हा, नाहीतर तुम्हालाच कार्ड दाखवीन."

ती मैदानाच्या मध्याकडे धावली. तिच्या मागोमाग कप्तान हात नाचवत आला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "कसली पेनल्टी? बॉलला लागला पाय! झोपली होतीस का?"

तिने बोटानेच त्याला त्याची जागा दाखवली. तो धुसफुसत गेला. चेंडू मध्यावर ठेवला गेला. स्टँडमध्ये आता कोण काय ओरडतंय, तेही वेगळं कळेना. त्या गलक्यात खेळ पुन्हा सुरू करायला रोसेल्लाला, आज पहिल्यांदाच, जीव खाऊन शिट्टी फुंकावी लागली.