शेजारची फुलं

"आधी थडग्यावरची वाळू झाड, मग फुलं ठेव. मोठी एर्लला. छोटी त्याच्या शेजारी."

ओपलबाईंचं हे सांगणं प्रमिलाच्या कानात होतं. शारजातल्या त्या इमारतीत दोघींची दारं समोरासमोर. नवऱ्याला, एर्लला, इथंच मातीआड करून बाई बरीच वर्षं एकट्या राहिल्या आणि गेल्या हिवाळ्यात बहिणीकडे अमेरिकेला परतल्या. जाताना कागदी फुलांचा खोका प्रमिलाच्या हातात दिला आणि तिच्याकडून शब्द घेतला.

बाईंचं गाव तिकडच्या अ‍ॅपलाचियन डोंगरातलं. कोळशाची खाण चालली तोवर गाव होतं. खाण मिटली, मग शाळा, मग पोस्ट. माणसं कारखान्यांच्या शहरांकडे पांगली. पण मे महिन्यातल्या एका रविवारी सगळी डोंगर चढून यायची, थडगी साफ करायची, फुलं वाहायची, तिथंच बसून जेवायची. "ज्याचं कुणी येत नाही, त्याचं शेजाऱ्यानं करायचं," बाई सांगायच्या. "आमच्या गावात आता तेवढंच चालू आहे."

प्रमिला ऐकायची, मान हलवायची. पहिली मुलगी जन्मली आणि दवाखान्यातच गेली, तेव्हापासून ती सगळंच असं ऐकायची. रोज दिवा लावायची, उपास धरायची. देवाकडे मागायची मात्र काही नाही. एवढ्याशा जिवाला अग्नी देत नाहीत. कुठं पुरलं ते तिच्या नवऱ्याने, गुणवंतने, सांगितलं नाही, तिने विचारलं नाही.

आज तो रविवार. गुणवंत वर्कशॉपला निघायच्या घाईत उभ्यानेच चहा घेत होता.

"सोमवार झाला, चतुर्थी झाली. आता थडगीपण?" तो हसला. "खलास! त्या देवांना तरी सुट्टी दे. आणि उन्हाची कशाला जातेस? मी पाठवतो ना कुणाला तरी."

"शब्द दिलाय," ती म्हणाली. "ही छोटी कुणाची, तेवढं विचारायचं राहिलं."

तिने खोक्यातून गुलाबी फुलांचा बोटभर झुबका काढला. गुणवंतचा कप हातातच राहिला.

"आपल्या पोरीची," तो म्हणाला. "त्या दिवशी बाईच आल्या होत्या माझ्यासोबत. म्हणाल्या, एर्लशेजारी ठेव, एकटी नको." मग खाली बघत, "मला परत जाववलं नाही, प्रमिला. त्या जायच्या. दर वर्षी."

प्रमिलाने केरसुणी घेतली. एर्लची फुलं पिशवीत घातली. गुलाबी तेवढी पदराखाली धरली, ऊन लागू नये तशी, आणि जिना उतरू लागली.