उचकी

प्रसादाची वाटी शेजारच्या कुंटे सरांच्या हातात देताना मला उचकी लागली.

"तिकडे लेकीनं आठवण काढली वाटतं," मी म्हणाले.

"वहिनी, छातीखालचा स्नायू आखडतो, बस्स. पाणी प्या." निवृत्त झाले तरी सरांचा विज्ञानाचा तास चालूच असतो.

मी हसले. पाणी मात्र प्यायले नाही.

संध्याकाळी सर वाटी परत द्यायला आले, तेव्हा दारातच रेंगाळले. "ते खोटंच आहे, वहिनी. पण आमची ही गेल्यापासून मला एकदाही उचकी लागली नाही."

दुसऱ्या दिवशी पोथी वाचून झाल्यावर मी डोळे मिटून मुद्दाम सरांची आठवण काढली. भिंतीला कान लावला. पलीकडे रेडिओ तेवढा चालू होता.

नेमाला पहिल्याच दिवशी फळ मागू नये. उद्या पुन्हा काढीन.